नाताळची भेट : देणें आणि घेणें

देण्याघेण्याच्या बाबतींत मराठी भाषा मोठी संपन्न आहे. लग्नकार्यांत होतो तो आहेर, आणि आहेर करणारास उलट द्यावयाचा तो परतीचा आहेर. बहिणीच्या तबकांत पडते ती ओवाळणी, भटजींच्या हातावर पडते ती दक्षिणा, दिवाळीस घरच्या गड्याला मिळते ती पोस्त, आणि दरबारांत धन्यापुढें ठेवावयाचा तो नजराणा. संक्रांतीच्या दिवसांत सुवासिनी एकमेकींस वाण देतात; पण तेथें ‘देणें’ हा शब्द भाषेला अपुरा वाटला आणि तिनें ‘वाण लुटणें’ असा प्रयोग केला. या प्रत्येक शब्दाच्या पोटांत देणारा कोण, घेणारा कोण, त्यांत वरचा कोण व खालचा कोण, आणि उलट काय यावयाचें, याचा एक अलिखित हिशेब असतो. लग्नघरांत आहेराची यादी जपून ठेवण्याचा जो प्रघात आहे, तो उगाच पडलेला नाहीं.

डिसेंबर महिना संपत आला म्हणजे पुण्याच्या लष्कर भागांत कागदी चांदण्या लागतात, केकच्या दुकानांपुढें गर्दी होते, आणि ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारीं फराळाचीं ताटें जाऊं लागतात. हा देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या भेटींचा हिशेब कोणत्या वहींत लिहावयाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नाताळची भेट हा आहेर आहे काय? नजराणा आहे काय? कीं तें दान आहे? ख्रिस्ती धर्मानें या प्रश्नाचें एक उत्तर दिलें आहे. आणि पुणें शहराच्या गेल्या दोनशें वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासांत त्या उत्तराची वेळोवेळीं परीक्षा झालेली आहे. देणाराची झाली, तशी घेणाराचीही झाली.

प्रथम शब्दच घ्यावा. ‘नाताळ’ हा शब्द इंग्रजांनीं आणलेला नव्हे. तो पोर्तुगीजांचा ‘नाताल’ होय. त्याच्या मुळाशीं जन्माचा वाचक असा लॅटिन शब्द आहे, आणि तो गोव्याच्या वाटेनें मराठींत आला. हा सण जन्माचा आहे, आणि ज्या घरीं मूल जन्मतें त्या घरीं रिकाम्या हातानें जाऊं नये, हें शहाणपण कोणत्याही देशांतल्या माणसाला शिकवावें लागत नाहीं.

ख्रिस्तजन्माची कथा चार शुभवर्तमानांपैकीं दोहोंत, म्हणजे मत्तय व लूक यांच्या ग्रंथांत, येते. लूक सांगतो कीं, उतारशाळेंत जागा न मिळाल्यामुळें मरियेनें आपलें बाळ गव्हाणींत निजविलें, आणि तें पाहावयास प्रथम आले ते रानांत रात्रीं मेंढरें राखणारे मेंढपाळ. त्यांनीं कांहीं आणल्याचा उल्लेख लूक करीत नाहीं. ते आले, त्यांनीं बाळ पाहिलें, आणि आनंदानें परत गेले. भेटी घेऊन आले ते मत्तयाच्या कथेंतील पूर्वेकडचे ज्योतिषी. एका ताऱ्याच्या अनुरोधानें ते दूरवरून आले, आणि त्यांनीं बाळापुढें सोनें, ऊद आणि गंधरस हीं ठेविलीं. ते किती जण होते हें मत्तय सांगत नाहीं. भेटी तीन, म्हणून परंपरेनें माणसेंही तीन मानलीं, आणि पुढें त्यांना राजेपण दिलें. दुसऱ्या शतकांतील ख्रिस्ती ग्रंथकार इरेनियस यानें या भेटींचा जो अर्थ लाविला तो आजवर चालत आला आहे. सोनें राजाला, ऊद देवाला, आणि गंधरस मरणाधीन मानवाला; कारण त्या काळीं प्रेताला लावावयाच्या सुगंधी द्रव्यांत गंधरस असे.

गंधरस म्हणजे महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक असलेला हिराबोळ होय. ऊद धुरीला आणि बोळ बाळंतिणीला, हें येथील कोणतीही वृद्ध स्त्री सांगेल. युरोपांतल्या भाष्यकाराला ज्या वस्तूंत मरणाची सूचना दिसली, त्याच वस्तूंत मराठी गृहिणीला बाळंतिणीच्या खोलीचा वास येतो. एकाच भेटीचे हे दोन अर्थ परस्परविरोधी नाहींत. जन्म आणि मरण या दोन्ही प्रसंगीं माणूस सारखाच परावलंबी असतो.

या कथेंतील तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, नाताळच्या या पहिल्या भेटी देणारे लोक परदेशचे आणि परधर्माचे होते. दुसरी ही कीं, त्यांनीं दिलें आणि ते दुसऱ्या वाटेनें आपल्या देशीं निघून गेले. उलट कांहीं मागितलें नाहीं, आणि त्यांच्याकडूनही कोणी भेटीपलीकडे कांहीं मागितलें नाहीं. तिसरी गोष्ट हेरोद राजाची. बाळाचा ठावठिकाणा कळवा, म्हणजे मीही येऊन त्यास वंदन करीन, असें तो ज्योतिष्यांना म्हणाला. पण त्याच्या मनांत घात होता. नम्रतेच्या आड दुसरा हेतु असूं शकतो, हा इशारा या कथेनें पहिल्या नाताळांतच देऊन ठेविला आहे.

परंतु ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीनें ज्योतिष्यांच्या भेटी हें मूळ दान नव्हेच. मूळ दान म्हणजे तें बाळ. ईश्वरानें आपला पुत्र जगाला दिला, तो जगाची योग्यता पाहून दिला नाहीं आणि परतफेडीच्या अपेक्षेनेंही दिला नाहीं, ही या सणामागची श्रद्धा आहे. अशा अनर्जित देण्याला मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत ‘कृपा’ म्हणतात. हिंदु घरांतील मनुष्याला ही कल्पना ‘प्रसाद’ या शब्दावरून चटकन् उमजेल. प्रसाद कोणी विकत घेत नाहीं, कोणी कमावीत नाहीं. तो हात पुढें करून घ्यावयाचा असतो, आणि घेतलेला एकट्यानें खावयाचा नसतो. नाताळची भेट ही या अर्थानें प्रसादाची वांटणी आहे. ख्रिस्ती मनुष्य आधीं घेणारा असतो आणि मग देणारा होतो. म्हणून देतांना त्यानें वरचढपणा मिरवावा अशी जागाच उरत नाहीं.

येशूनें पुढें एका जेवणाच्या प्रसंगीं हाच विचार व्यवहारांत उतरवून सांगितला. जे उलट बोलावतील अशा श्रीमंत शेजाऱ्यांना आणि सोयऱ्यांना जेवावयास बोलावूं नका. ज्यांना परतफेड करतां येत नाहीं अशा दरिद्री, लंगड्या व आंधळ्या लोकांना बोलवा, असें त्याच्या सांगण्याचें तात्पर्य आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक दान तें कीं, जें अनुपकारी मनुष्याला, म्हणजे ज्याच्याकडून उलट उपकार व्हावयाचा नाहीं अशाला, दिलें जातें. आणि परतफेडीसाठीं किंवा फळाकडे पाहून दिलेलें दान तें राजस. दोन भिन्न धर्म या एका मुद्द्यावर इतके जवळ यावेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

ही कसोटी सांगण्यास सोपी असली तरी पाळण्यास अवघड आहे, आणि ख्रिस्ती समाजालाही ती सहज साधली असें नाहीं. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याचा जुन्यांत जुना आधार रोम शहरांतील असून तो इ. स. ३३६ चा आहे. त्याच सुमारास रोमन लोक नववर्षाच्या भेटी देत घेत. या भेटी बहुधा बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाला जात. हिप्पो नगरीचे धर्माध्यक्ष ऑगस्टिन (३५४–४३०) यांनीं नववर्षाच्या एका प्रवचनांत आपल्या लोकांना असें सांगितलें कीं, इतर लोक भेटी देतात, तुम्ही गोरगरिबांना भिक्षा द्या. मायरा या गांवचे चौथ्या शतकांतील धर्माध्यक्ष संत निकोलस यांची आख्यायिका तर पुण्यांतील वाचकाला फारच जवळची वाटावी. एका गरीब बापाच्या तीन मुलींचीं लग्नें हुंड्यावांचून अडलीं होतीं. निकोलस यांनीं रात्रीच्या अंधारांत खिडकींतून सोन्याच्या थैल्या आंत टाकल्या, आणि आपलें नांव कळूं दिलें नाहीं. याच निकोलसाचे पुढें हॉलंड व अमेरिका या वाटेनें लाल डगल्याचे ‘सांता क्लॉज’ झाले. डगला राहिला, थैली राहिली. नांव न कळूं देण्याचा मूळ मुद्दा मात्र दुकानांच्या रोषणाईंत हरवला.

मराठी भाषेंत ख्रिस्तजन्माची कथा मोठ्या प्रमाणावर प्रथम सांगितली ती फादर टॉमस स्टीफन्स यांनीं. हे इंग्रज जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं साष्टी प्रांतांतील राशोल येथें छापलें गेलें. मजकूर मराठी, वृत्त ओवीचें, आणि छपाईचीं अक्षरें मात्र रोमन, असा तो ग्रंथ होता. त्यांत सुमारें अकरा हजार ओंव्या आहेत. देवनागरी वळणाचे खिळे पाडणें त्या वेळीं जमलें नाहीं. १६४९ आणि १६५४ सालीं त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, आणि गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांतून तो ग्रंथ पुराणासारखा वाचला जाई. पुण्यांत त्याची देवनागरी आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. ज्या लोकांचीं देवळें पोर्तुगीज अमलांत पाडलीं गेलीं होतीं, त्यांच्याच भाषेची थोरवी एका परदेशी माणसानें मोकळ्या मनानें गाइली. राज्यकर्त्यांनीं हिसकावून घेतलेलें स्टीफन्सना परत देतां येण्यासारखें नव्हतें. पण भाषेचा मान हें त्यांच्या हातचें देणें होतें, आणि तें त्यांनीं दिलें.

गोव्यांतील ही परंपरा पुण्यास आली ती शिपायांबरोबर. इ. स. १७९२ हें पुण्याच्या इतिहासांतील गजबजलेलें वर्ष होय. त्या वर्षीं श्रीरंगपट्टणचा तह झाला. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडील किताब व वस्त्रें घेऊन पुण्यास आले. शनिवारवाड्यांत अठरा वर्षांचे सवाई माधवराव गादीवर होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हातीं होता. पेशव्यांच्या चाकरींत गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई व अंमलदारही होते. त्यांना उपासनेसाठीं जागा नव्हती. त्यांच्यापैकीं डोम मिंगेल द नोरोन्हा नांवाच्या अधिकाऱ्यानें विनंति केली, आणि सवाई माधवरावांनीं शहराच्या पूर्वेच्या बाजूस, हल्लीं क्वार्टर गेट म्हणतात त्या भागांत, जमीन दिली. तेथें जें ख्रिस्तमंदिर झालें तें पुण्यांतील पहिलें. लोक त्याला ‘सिटी चर्च’ म्हणतात. मंदिराची परंपरा असें सांगते कीं, १७९२ च्या ८ डिसेंबरला पायाचा दगड बसला आणि त्याच महिन्यांत नाताळच्या दिवशीं तेथें पहिली मिस्सा झाली. मूळच्या साध्या वास्तूच्या जागीं पुढें मोठी वास्तु झाली. जागा मात्र तीच आहे.

या देणगीचें मोल समजण्यास थोडें मागें जावें लागतें. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां पोर्तुगीज ख्रिस्तमंदिरांतील घंटा विजयाचें चिन्ह म्हणून मराठी मुलुखांत आणल्या गेल्या. भीमाशंकराच्या देवळांत आणि नाना फडणिसांच्या मेणवलीस त्या आजही दिसतात. त्या युद्धामागें उत्तर कोंकणांतील प्रजेच्या धर्मच्छळाची जुनी तक्रार होती. ज्या घराण्यानें त्या घंटा उतरविल्या, त्याच घराण्यानें त्रेपन्न वर्षांनीं ख्रिस्ती लोकांना घंटा टांगण्यासाठीं आपल्या राजधानींत जागा दिली. यांत राजनीति मुळींच नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. चांगला शिपाई चाकरींत टिकवावयाचा तर त्याच्या देवाचीही सोय पाहावी लागते. परंतु त्या जमिनीच्या मोबदल्यांत कोणाला आपला धर्म सोडावा लागला नाहीं, आणि देणारानेंही आपला सोडला नाहीं. परधर्मी मनुष्यानें येशूच्या जन्मोत्सवास भेट द्यावी, आणि ती जशीच्या तशी स्वीकारली जावी, ही बेथलेहेमची जुनीच रीत होती. पुण्यांत ती पेशव्यांच्या हातून पुन्हां घडली.

१८१८ नंतर राज्य बदललें, आणि नाताळच्या भेटीचें रूपही बदललें. लष्करांतील सेंट मेरीज या इंग्रजांच्या मंदिराची प्रतिष्ठापना १८२५ सालीं कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या हातून झाली. नाताळ हा आतां राज्यकर्त्यांचा सण झाला. त्याबरोबर ‘डाली’ आली. डाली म्हणजे फळफळावळ, सुका मेवा, मिठाई, केक यांनीं भरलेली पाटी किंवा तबक. नाताळच्या सकाळीं कंत्राटदार, हाताखालचे अंमलदार आणि कामाची गरज असलेले लोक तें घेऊन साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यांत हजर होत. मेव्याच्या खालीं आणखी मोलवान् वस्तु असण्याचा संभव लक्षांत घेऊन सरकारला नोकरांच्या वर्तणुकीचे नियम करावे लागले, आणि फळाफुलांसारख्या किरकोळ वस्तूंपलीकडे कांहीं घेऊं नये असें बंधन घालावें लागलें. दिवस नाताळचा, पण देणें नजराण्याचें, असा हा प्रकार होता. जो सण वरच्यानें खालच्याकडे येण्याचा, त्या दिवशीं खालचा मनुष्य वरच्याच्या दारीं पाटी घेऊन उभा राहूं लागला. यांत दोष एकट्या देणाराचा नाहीं. ज्याला नाहीं म्हणण्याची सोय नसते त्याच्याकडून आलेली भेट ही भेट नव्हे, हें घेणाराला कळावयास हवें होतें.

देण्याचा प्रश्न असा बिघडला, तर घेण्याचा प्रश्न त्याच शतकांत पेठांमध्यें पेटला. गुरुवार पेठेंतील पंचहौद मिशनच्या आवारांत १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत व्याख्यानानिमित्त शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ति रानडे आणि बाळ गंगाधर टिळक हे त्यांत होते. व्याख्यान संपल्यावर यजमानांनीं चहा व बिस्किटें पुढें केलीं. कोणी चहा घेतला, कोणीं पेला हातांत घेऊन तसाच खालीं ठेविला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि शहरांत मोठें वादळ उठलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. पंक्ति तुटल्या, घराघरांत दोन तट पडले. आणि अखेर १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. स्वतःची खात्री असो वा नसो, स्नेह्यांचे संसार अडचणींत येऊं नयेत म्हणून त्यांनीं तें घेतलें, हें रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसतें.

तो प्रसंग नाताळचा नव्हता. पण नाताळच्या ताटाचा प्रश्न त्यांत पुरता सामावलेला होता. एका पेशव्यानें ख्रिस्ती लोकांना जमीन दिली तेव्हां धर्म बुडाला नाहीं. शंभर वर्षांनीं ख्रिस्ती घरचा पेलाभर चहा घेतला तेव्हां तो बुडाला असें मानलें गेलें. याचें कारण उघड आहे. देणारा आपल्या जागीं स्थिर असतो. घेणाराला मात्र दुसऱ्याच्या घरचें आपल्या अंगीं लावून घ्यावें लागतें. शिवाय १७९२ सालीं ख्रिस्ती मनुष्य पेशव्यांचा चाकर होता, आणि १८९० सालीं तो राज्यकर्त्यांचा धर्मबंधु होता. बलवानाच्या हातून घेतांना माणूस दहा वेळां विचार करतो, आणि त्यानें तसा करावा हें स्वाभाविक आहे.

हा संशय निराधार होता असें म्हणून चालणार नाहीं. त्याची कठीण बाजू पंडिता रमाबाईंच्या कार्यांत दिसते. रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेंतील हितचिंतकांच्या देणगीवर १८८९ सालीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन काढलें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. येथें धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील असें सांगण्यांत आलें होतें, आणि त्या भरंवशावर रानडे व भांडारकर यांच्यासारखे पुरुष सल्लागार झाले होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडें ठेवून करीत, आणि मुली तेथें येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, कोणावर जबरदस्ती नाहीं, आणि कोणाला प्रार्थनेपासून हाकलूनही लावतां येत नाहीं. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं, ज्या निराधार विधवेला अन्न, वस्त्र आणि विद्या एकाच हातून मिळते, तिला त्या हाताच्या देवाकडे पाठ फिरविणें कितपत शक्य आहे? दोन्ही म्हणण्यांत सत्यांश आहे. केलेल्या दानाला दोरी बांधलेली आहे कीं नाहीं, हें देणारालाही नेहमीं स्पष्ट दिसतेंच असें नाहीं.

तीन वर्षांत मध्यप्रांतांत भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनीं १८९६–९७ च्या त्या दुष्काळांतून सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आणल्या. प्लेगच्या बंदोबस्तामुळें त्यांना पुण्यांत ठेवतां येईना, तेव्हां पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें त्यांच्यासाठीं मुक्तिसदन उभें राहिलें. त्यांतील अनेकजणी पुढें ख्रिस्ती झाल्या, आणि पोटासाठीं बाटल्या असा टोमणा त्यांच्या वाट्यास आला. त्या टोमण्याचें उत्तर देतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या मुलींना त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला मरण यावयाचें होतें, त्यांना केडगांवीं जेवण मिळालें, अक्षरओळख झाली आणि हाताला धंदा मिळाला. परंतु त्याबरोबर हीही गोष्ट खरी कीं, भुकेल्या मनुष्याला नकार देण्याचें स्वातंत्र्य नसतें. म्हणून त्याला देणाराची जबाबदारी दुप्पट असते. नाताळच्या मूळ कथेनें घातलेली कसोटी येथें अत्यंत कडक होते. द्यावें, आणि दुसऱ्या वाटेनें निघून जावें, हें ज्योतिष्यांना जमलें. संस्था चालविणाराला तें सहजीं जमत नाहीं.

ही दोरी निदान आपल्यापुरती तोडून पाहण्याचा प्रयत्न एका मराठी ख्रिस्ती कवीनें केला. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला आणि पुढें बरींच वर्षें अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें. हातांत आलेला पैसा हातांत ठरूं न देण्याची त्यांची संवय लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’मुळें मराठी वाचकांना चांगली ठाऊक आहे. तिच्यापायीं संसाराची ओढाताण झाली ती लक्ष्मीबाईंची, हेंही त्या ग्रंथानें लपविलेलें नाहीं. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोघांनाही ख्रिस्ताच्या पायाशीं बसतां यावें, ही त्यामागची कल्पना होती. परदेशच्या पैशाचा आधार सुटला म्हणजे आपल्या शब्दाकडे लोक संशयानें पाहणार नाहींत, हें त्यांना कळलें होतें. त्या दरबाराला त्यांच्या हयातींत दोन वर्षेंच मिळालीं. पण दान आणि दाता यांच्यामधील हिशेबाची वही मिटविण्याचा तो प्रामाणिक यत्न होता.

मोठ्या माणसांच्या या इतिहासाबरोबर एक लहानसा इतिहास स्वयंपाकघरांतून चालत आला आहे. गोव्यांत नाताळच्या दिवसांत नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बिबिंक असे पदार्थ ताटांत भरून रुमालाखालीं झांकून शेजाऱ्यांकडे पाठवितात. या ताटाला ‘कोंसुआद’ म्हणतात. हिंदु शेजाऱ्याच्या घरीं तें जातें, आणि चतुर्थीला किंवा दिवाळीला त्याच्या घरून तसेंच ताट येतें. पुण्यांतील मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. म्हणजे दिवाळीचाच फराळ दोन महिन्यांनीं पुन्हां कढईंत उतरतो. १८९० सालीं ज्या शहरांत पेलाभर चहानें पंक्ति तोडल्या, त्याच शहरांत असें ताट आज शेजारच्या घरीं निमूटपणें घेतलें जातें आणि मुलें तें तेथल्या तेथें संपवितात. हा बदल कोणत्याही परिषदेच्या ठरावानें झालेला नाहीं. तो शेजारधर्मानें, हळूहळू, घराघरांतील बायकांनीं घडवून आणला.

या ताटासंबंधीं एक चाल विशेष सांगण्यासारखी आहे. ज्या ख्रिस्ती घरीं वर्षभरांत मृत्यु घडला असेल त्या घरीं नाताळचे गोड पदार्थ करीत नाहींत, आणि तेथून ताटें बाहेर जात नाहींत. पण शेजाऱ्यांकडून त्या घरीं ताटें अगत्यानें येतात. महाराष्ट्रांतील हिंदु घरांतही पहिल्या दिवाळीला हाच रिवाज आहे. दुःखाच्या घरीं कढई चढत नाहीं, आप्तेष्ट फराळ पोंचवितात. त्या वर्षीं त्या घरून उलट कांहीं येणार नाहीं हें पाठविणाराला पुरतें ठाऊक असतें, आणि म्हणूनच तो पाठवितो. गीतेनें ज्याला अनुपकारी म्हटलें आणि येशूनें ज्याला पंक्तीस बोलावण्यास सांगितलें, तो मनुष्य दूर शोधावा लागत नाहीं. तो पुष्कळदां शेजारच्याच बिऱ्हाडांत असतो.

तात्पर्य, नाताळची भेट आहेराच्या यादींत बसत नाहीं, कारण तिची परतफेड ठरलेली नसते. नजराण्यांत बसत नाहीं, कारण ती वरच्याच्या मर्जीसाठीं नसते. आणि उपकार म्हणून केलेल्या दानांतही बसत नाहीं, कारण देणारा आपण स्वतः आधीं घेतलेलें आहे असें मानतो. तिला जवळचा मराठी शब्द शोधावयाचा तर तो ‘वाण लुटणें’ हाच सांपडेल. क्वार्टर गेटजवळच्या त्या जुन्या मंदिरांत नाताळच्या मध्यरात्रीं लोक जमतात, तेव्हां ते एका तरुण पेशव्यानें दिलेल्या जमिनीवर उभे असतात. ती जमीन कोणी परत मागितली नाहीं. त्या मंदिराच्या आसपासच्या घरांतून सकाळीं जीं ताटें बाहेर पडतात, त्यांतलें एखादें तरी ज्या घरून कांहीं परत यावयाचें नाहीं अशा घरीं गेलें, म्हणजे त्या सणाचा अर्थ पुरा झाला.